साहेबांसाठी कोरफड

दोघं नर्सरीत शिरली आणि थोड्याच वेळात नर्सरीवालीला कळून चुकलं, की आज आपलं काही खरं नाही. सासरे एका टोकाला जास्वंदाची कुंडी धरून उभे. सून दुसऱ्या टोकाला प्रत्येक झाडाच्या बुडाशी बोट खुपसून विचारतेय, "हे मरतं का हो?"

"झाड आहे बाई. मरायचं तेव्हा मरणारच की."

"पण लगेच नको ना मरायला!"

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. घरात, बुटाच्या खोक्यात, साहेब पडले होते. साहेब म्हणजे घरातलं कासव. मनात येईल तेव्हा समोर यायचं, कुणाचं ऐकायचं नाही आणि कितीही विनवण्या करा, ढिम्म हलायचं नाही, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. सासूबाई गेल्या, साहेब राहिले. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जन्मभर बसडेपोत मेकॅनिकचं काम केलेलं. इंजिनाशी बोलणारा माणूस, बायकोशी बोलायला वेळ कुठला? ते राहून गेलेलं सगळं त्यांनी पुढे साहेबांशी बोलून काढलं. साहेबांनीही कधी "पुरे" म्हटलं नाही.

आणि सून कोण? तर घरातली काळजीवाहू. हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. काळजीवाहू सरकार असतं ना, तसं. फक्त आमच्याकडचं काही केल्या जात नाही, असं तो वर म्हणायचा. कुलूप लावून खाली उतरलेली बाई कुलूप बघायला परत वर जायची. दूध चांगलं असलं तरी दोनदा हुंगायची. "नक्की" हा शब्द तिने कधी वापरलाच नाही. तिचं सगळं "बहुतेक" आणि "बघू हं, काही सांगता येत नाही." नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ज्याला घाम फुटत नाही, त्याला हिची धास्ती कुठून कळणार?

झालं होतं असं. दर थंडीत साहेबांचा मुक्काम जुन्या फ्रीजच्या मागे असायचा. त्याच्या पाठीची गरम हवा खात ते पडून राहायचे, मन झालं की पानं खायला बाहेर यायचे. यंदा सुनेने ती नोकरी करायची त्या फ्रीज कंपनीचा नवा फ्रीज आणला. दिसायला देखणा, पण त्याच्या पाठीला ऊब म्हणून नाही. साहेबांनी दोन दिवस त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, नाराज होऊन गॅलरीत गेले, आणि उपड्या बादलीमागे सापडले तेव्हा गारठून दगड झाले होते. मान आत. डोळे मिटलेले. पाय ओढला तरी ओढून घेईनात.

"गेले," नवरा म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सुनेकडे वळले. "नक्की?"

एरवी तिने दहा शंका काढल्या असत्या. पण आदल्याच दिवशी नवऱ्याचं आणि तिचं वाजलं होतं. अण्णांनी मध्यंतरी दोनदा गॅस चालू ठेवला होता, एकदा स्वतःच्याच घराचा मजला चुकले होते. त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यावं की नाही, यावर ती नेहमीप्रमाणे हो-ना करत बसली, आणि तो वैतागून म्हणाला, "अगं, सगळ्यात शंका काढून तू जीव खातेस माणसाचा. एकदा तरी ठाम बोल!" ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून ती म्हणाली, "नक्की, अण्णा. गेले साहेब."

आयुष्यात एकदा बाई ठाम झाली, ती नेमकी तिथे!

इमारतीखाली सगळा काँक्रीटचा कारभार. पुरायला वीतभर माती नाही. तेव्हा अर्धं कापलेलं लाकडी पिंप गॅलरीत ठेवायचं, त्यात साहेब आणि वर त्यांच्या आठवणीचं झाड, असं ठरलं. आणि आता त्या झाडावरून जुंपली होती.

"जास्वंद," अण्णा म्हणाले. "जास्वंदाचं फूल दिसलं की ते धावायचे. धावायचे म्हणजे, त्यांच्या मानाने. हेच घे."

"याला पाणी रोज लागतं?" सुनेने नर्सरीवालीला विचारलं.

"रोज. विसरलात की मान टाकेल."

सुनेने मनातल्या मनात हिशेब केला. अण्णा एकतर पाणी विसरणार, नाहीतर घातलंय हे विसरून तीनतीनदा घालणार. झाड मेलं म्हणजे साहेब दुसऱ्यांदा गेले. तो धक्का अण्णांना सोसायचा नाही, आणि दोष कुणाचा? ज्याने झाड निवडलं त्याचा. जास्वंद बाद. गुलाबाला कीड लागते, बाद. नेच्याला ओल लागते, बाद. मोगरा थंडीत रुसतो, बाद. शेवटी नर्सरीवालीने कंटाळून कोपऱ्यातली कोरफड उचलली आणि तिच्या हातात कोंबली.

"ही घ्या. हिला मारीन म्हटलंत तरी मरणार नाही. घरातल्या सगळ्यात उन्हाच्या जागी ठेवा आणि पाण्याचा हात आवरा. पाण्यानेच मेली तर मरेल."

"काटे?" अण्णांनी जास्वंदाची कुंडी खाली ठेवली. "साहेबांच्या छातीवर काटे लावणार तू? ते कधी कुणाला टोचले का?"

तिला ते पटलंही. पण ती हटली नाही. "अण्णा, ही टिकेल हो." मग लगेच नवी चिंता लागली. "आणि माती हलकी द्या हं, गॅलरी कोसळली तर?" नर्सरीवालीने कपाळाला हात लावला आणि मातीत निम्मा नारळाचा भुसा मिसळून दिला.

त्याच दुपारी अण्णांनी साहेबांना आपल्या जुन्या धुतलेल्या फडक्यात सैलसर गुंडाळलं. ज्या फडक्यांनी ते इंजिनं पुसायचे, त्यांतलंच ते एक. पिंप भरलं, कोरफड लागली. गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात दिवसभर ऊन असतं तिथे पिंप सरकवलं, आणि अण्णांनी शेजारी स्टूल मांडलं.

पुढे आठवडाभर घर चिडीचूप असायला हवं होतं, पण झालं उलटंच. दोनच दिवसांत अण्णांनी माळ्यावरचा रेडिओ काढला आणि पिंपाच्या काठावर ठेवून सकाळपासून मोठ्याने लावायला सुरुवात केली. बातम्या, शेअरबाजार, खतांच्या जाहिराती, काहीही. शेजारणीने दोनदा बेल वाजवून तक्रार केली. नवरा म्हणाला, "मन रमवतायत, असू दे." सुनेला मात्र ते खटकत होतं. गाणी लागली तर अण्णा स्टेशन बदलायचे, बडबड लागली की थांबायचे. जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन परत पिंपापाशी.

"पाणी नाही ना घातलंत, अण्णा?"

"नाही."

"एकदाही?"

"तू नको म्हणालीस ना? मग नाही."

सून फ्रीज कंपनीत तक्रारीचे फोन घ्यायची. लोक फोन करून म्हणायचे, मेला फ्रीज. तिने पहिला प्रश्न विचारायचा, बंद पडलाय हे कशावरून ठरवलंत? मग आतला दिवा लागतो का, हात लावून बघा, कान लावून बघा. दहातल्या सहांचा फ्रीज ठणठणीत असायचा. हे काम तिच्या स्वभावाला अगदी मानवलेलं.

त्या दिवशी एका आजीबाईंचा फोन आला. "अगं पोरी, गेला गं आमचा. मघापर्यंत घरघर करत होता, आता गप्पच आहे."

"आजी, आत थंड आहे का?"

"थंडगार आहे."

"मग मेला नाही हो तो. पुरेसा थंड झाला की तो आपणहून थांबतो. जरा ऊब लागली की परत सुरू होईल. तुम्ही नुसतं…"

आणि तिचा आवाज बंद पडला. तिकडे आजी "हॅलो, हॅलो" करतायत, इकडे हिला गॅलरीतली ती उपडी बादली दिसतेय. थंड झाला की आपणहून थांबतो. मेला नाही तो. बंद पडलाय हे कशावरून ठरवलंत, बाई? कान लावून पाहिलंत?

कसंबसं आजींचं समाधान करून ती जिन्यात गेली आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आधी कधी थंडीत झोपलं नव्हतं?"

"नाही हो. ते फ्रीजच्या मागे असायचं, उबेला."

"मग शरीराला झोपायची वेळच आली नसेल. बरीच कासवं थंडीत अशीच निपचित पडतात. मातीतसुद्धा झोपतात. वास आला होता का? डोळे खोल गेले होते?"

"नाही."

"पिंपात पाणी घातलंय?"

"नाही. कोरफड आहे."

"नशीब तुमचं. पण उन्हात असेल तर ते जागं होईल, आणि जागं झालेलं कासव फार दिवस असं राहू शकत नाही. आत्ता उकरा."

तिने नवऱ्याला फोन केला. मागून गिअरचा खडखडाट ऐकू येत होता. "क्लच दाबा, क्लच! हां, बोल गं. काय? उकरणार? अण्णांसमोर? वेड लागलंय का तुला? आतून काय निघेल त्याची कल्पना आहे? परवा डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय त्यांना, आणि तू…"

"तू मला ठाम हो म्हणालास, आणि मी झाले!" ती ओरडली. जिन्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. "आता मी चालले घरी."

रस्ताभर तिच्या डोक्यात नुसतं काहूर. उकरलं आणि साहेब खरंच मेलेले निघाले तर अण्णांपुढे ते पुन्हा मांडायचं. नाही उकरलं तर आपण एक जीव जिवंत गाडला, स्वतःच्या तोंडाने "नक्की" म्हणून. इकडे आड, तिकडे विहीर! त्यात उन्हाची जागा, तीही आपणच शोधून दिलेली.

घरात शिरली तर रेडिओवर कुणीतरी दातांच्या निगेवर भाषण ठोकत होतं. अण्णा स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर गच्च.

"लवकर आलीस?"

"डोकं दुखत होतं."

डोकं म्हटल्यावर अण्णा दचकले. तिच्या ते लक्षात आलं, पण थांबायला वेळ नव्हता. "अण्णा, जरा दूध आणता?"

"दूध आहे."

"मग पाव? पाव संपलाय. नाहीतर नुसतं पाय मोकळे करून या ना."

"मी इथून हलणार नाही."

"बरं, रेडिओ तरी बंद करा."

"नको!" एवढे मोठ्याने ते कधी बोलले नव्हते. त्यांनी रेडिओवर हात ठेवला.

तिच्याने आता राहवेना. ती तशीच, पर्स खांद्याला, त्यांच्यासमोर फरशीवर बसली. "अण्णा, तुम्ही मला विचारलंत, आणि मी नक्की म्हणाले. ते नक्की नव्हतं हो. मला काही माहीत नव्हतं. कासवं थंडीत झोपतात म्हणे, अगदी मेल्यासारखी. साहेब… साहेब कदाचित झोपले होते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकून रेडिओ बंद केला. दातांची निगा संपली. गॅलरीत शांतता झाली. खालून सायकलची घंटी ऐकू आली, बाकी काही नाही.

"आतून खरवडल्याचा आवाज यायचा," अण्णा म्हणाले. "चार दिवस. ऊन चढलं की सुरू व्हायचा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुम्ही दोघं त्या डॉक्टरचं बोलत होतात, ते ऐकलं होतं मी. म्हटलं, आधी गॅस, मग मजला, आता पुरलेलं कासव ऐकू यायला लागलं. झालं, गेलं डोकं. म्हणून रेडिओ लावायचो, बडबडीत तो आवाज बुडायचा." त्यांनी डोळे पुसले. "चाळीस वर्षं कानावर पोट भरलं गं मी. पण तू कधी नक्की म्हणत नाहीस. तू म्हणालीस, म्हणजे ते खरंच असणार. मग खोटा कोण? माझाच कान."

तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. "आता येतोय का आवाज?"

"काल दुपारपासून नाही." ते खाली मान घालून म्हणाले. "मला बरं वाटलं गं. म्हटलं, डोकं ठिकाणावर आलं. तरी परत येईल या धास्तीने रेडिओ चालूच ठेवला."

पुढचं तिने ऐकलंच नाही. तिने कोरफड दोन्ही हातांनी धरून उपसली. काटे तळव्यात घुसले, घुसू देत. माती भुसभुशीत होती, भराभर निघत होती. ती कोपरापर्यंत आत गेली.

"सावकाश, कवचाला लागेल!" अण्णा स्टुलावरून उठून तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले.

फडकं हाताला लागलं. तिने ते ओढलं, आणि ते सगळंच्या सगळं बाहेर आलं. फडकं रिकामं होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघं मिळून उकरायला लागली. साहेब सापडले ते पार कडेला, ज्या बाजूला ऊन लागायचं त्या फळीला डोकं टेकून. नाकातोंडावर माती. मान आत. ती त्यांना उचलणार, तेवढ्यात तिचं लक्ष फळीकडे गेलं. लाकडावर नखांचे ओरखडे होते, एकाखाली एक, ताजे.

"अण्णा, हे बघा." तिने त्यांचा हात धरून बोट त्या ओरखड्यांवर टेकवलं. "खरं होतं ते. तुम्हाला आलं ते सगळं खरं होतं."

अण्णांनी बोट फिरवलं, परत फिरवलं. मग साहेबांना उन्हात मांडीवर घेतलं आणि बोटाने नाकावरची माती हळूहळू काढायला लागले.

"आहेत का गं?" त्यांनी विचारलं.

तिने पाय ओढून पाहिला. सैल. पापणीला स्पर्श केला. काही नाही. तिचा धीर सुटत चालला. "मला नाही कळत, अण्णा. मी काहीच सांगू शकत नाही. तुम्हीच बघा."

अण्णांनी साहेबांना मांडीवर नीट धरलं. "माझा लांब स्क्रूड्रायव्हर आण. लाकडी मुठीचा. पलंगाखालच्या पेटीत आहे."

डेपोत ते असंच करायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी, आणि डोळे मिटून सांगायचे, कुठलं बेअरिंग वाजतंय. तिने तो धावत आणून दिला. त्यांनी टोक साहेबांच्या पाठीवर, मध्यावर, हलकेच टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात दार उघडून नवरा धापा टाकत आत आला. पाहतो तर गॅलरीभर माती, कोरफड आडवी, बायको कोपरापर्यंत काळी, आणि बाप कासवाला स्क्रूड्रायव्हर लावून बसलेला. "अहो अण्णा, हे काय…"

"शू!" सून म्हणाली.

बराच वेळ गेला. अण्णांनी टोक जरासं पुढे सरकवलं. पुन्हा थांबले.

"चालू आहे," ते म्हणाले. "एकदम स्लो. पण चालू आहे."

नवऱ्याने तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, त्यांना वाटतंय तसं. तू तरी…"

"वाटत नाही. ऐकू येतंय त्यांना."

"तुला आलं ऐकू?"

"नाही."

"मग?"

"मग काय? अण्णा म्हणतायत ना!" ती दंड सोडवून घेत म्हणाली. "त्या दवाखान्यात फोन लाव, आम्ही येतोय म्हणावं. आणि परवाची ती दुसऱ्या डॉक्टरची वेळ रद्द कर. जायचं झालं तर आधी अण्णांना विचारून जाऊ."

तो कपाळाला आठ्या घालून फोन शोधायला लागला. ती परत येऊन अण्णांशेजारी बसली. ऊन चांगलं तापलं होतं. अण्णांनी साहेबांचा मागचा पाय अंगठा आणि बोटामध्ये अलगद धरला होता आणि ते श्वास रोखून त्याच्याकडे बघत होते. अचानक त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर तीच जुनी भीती.

"सूनबाई, जरा बघ गं. मला वाटलं, अंगठा ढकलला त्यांनी. उगाच वाटलं का मला?"

ती वाकली. मातीने माखलेला तो छोटासा पाय अण्णांच्या अंगठ्यावर टेकलेला होता. तो थांबला. मग चिडल्यासारखा, हळूच, पुन्हा एकदा त्याने अंगठा मागे सारला.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यामुळे दिसत फारसं नव्हतं. पण तिने हात पुढे करून स्वतःचं बोट तिथे ठेवलं, आणि तिलाही ते लागलं.

"ढकलला, अण्णा," ती म्हणाली. "नक्की."